उत्तरांची पानं

बाबांना जाऊन पस्तीस दिवस झाले होते, तेव्हा त्यांच्या कॉलेजातून विभागप्रमुखांचा फोन आला. "जरा येऊन जाल का? फोनवर बोलण्यासारखं नाही."

मला वाटलं, कपाटातल्या वस्तू न्यायला बोलावलंय. मी एक रिकामी पिशवी घेऊन गेले.

प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून. बाबांनी तिथे छत्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतरही आठवड्यातून चार दिवस मानद म्हणून जात राहिले, चार महिन्यांपूर्वी पडून मांडीचं हाड मोडेपर्यंत. विभागप्रमुख त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. तिने मला बसवलं आणि शिशाची पेटी समोर ओढली. पेटीला आत पाच गोल खाचा होत्या. चारांत मोठ्या नाण्याएवढ्या चकत्या. तिसरी खाच रिकामी.

"स्ट्रॉन्शियम," ती म्हणाली. "किरणोत्सारी. बीटा कणांच्या प्रयोगासाठी. पेटी वर्षातून एकदाच उघडतो. आठ महिन्यांपूर्वी सरांची सही आहे, पाचही चकत्या परत ठेवल्या म्हणून. आज उघडली तर ही अशी."

"धोकादायक आहे?"

"बॉम्ब नाही तो. टेबलाच्या पलीकडे पडली असेल तर कुणाला काही होत नाही. पण कुणाच्या खिशात असेल, मुठीत असेल, कातडीला लागून तासन्‌तास..." तिने स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. "भाजते. आणि ते लगेच कळत नाही. दोन-तीन आठवड्यांनी कातडी लाल होते, तेव्हा कळतं. अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, एकोणतीस वर्षांचं आहे, ताई. आणून छत्तीस झाली. अजून चाळीस टक्क्यांच्या वर शिल्लक आहे."

दारात मामा उभे होते. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे सहायक. सगळं कॉलेज त्यांना मामाच म्हणायचं. पेटीच्या दोन किल्ल्या. एक बाबांच्या जुडग्यात, दुसरी मामांच्या करगोट्याला नसली तरी तितकीच अंगाला चिकटलेली.

"मला एकच विचारायचंय," विभागप्रमुख म्हणाली. "शेवटच्या वर्षात सरांचं स्मरण, डोकं, सगळं व्यवस्थित होतं ना?"

"ठणठणीत," मी म्हणाले.

"मग ती कुणीतरी नेली." ती मामांकडे न बघता बोलली, आणि मामा फरशीकडे बघत राहिले. "उद्या संध्याकाळपर्यंत मला वर कळवावं लागेल. मग पोलीस येतील. ते आधी किल्लीवाल्याला विचारतील."

मी रिकामी पिशवी घेऊन बाहेर आले. मामा मागोमाग व्हरांड्यात आले आणि माझ्याशेजारी कठड्याला टेकून उभे राहिले.

"ठणठणीत?" ते म्हणाले.

मी पिशवीची घडी घातली.

"रोज साडेदहाला तुझा फोन यायचा, पोरी. 'मामा, बाबा निघालेत.' सव्वा वर्ष. मी कधी विचारलं, की सर निघाले हे मला कशाला सांगतेस म्हणून? मी आपला फाटकापाशी जाऊन उभा राहायचो. येताना दिसले की 'अरे सर, इकडेच चाललो होतो' म्हणायचो आणि वर्गात नेऊन सोडायचो."

"तुम्हाला माहीत होतं."

"खिशात चिठ्ठ्या असायच्या त्यांच्या. अक्षर तुझं. 'आज मंगळवार. दुसरं वर्ष. प्रकरण सहा.' मी वाचून परत घालायचो."

सव्वा वर्ष आम्ही दोघांनी एकाच माणसाला दोन बाजूंनी धरून ठेवलं होतं आणि एकमेकांना कळू दिलं नव्हतं. मला वाटायचं, शिकवणं सुटलं की ते संपतील. वर्गात उभे राहिले की त्यांना सगळं आठवायचं. फळ्यावर सूत्र कधी चुकलं नाही. घरी आल्यावर मात्र आरशात मला पाहून ते आईला विचारायचे, "आपल्याकडे कोण आलंय?" आणि मी आरशापुढून बाजूला व्हायचे.

"आता बोल," मामा म्हणाले. "सर जर विसरले असतील, तर ती चकती सरांबरोबर गेली असेल. कुठे?"

"घरी."

"मग काउंटर घेऊन येतो. तू पुढे हो."

*

किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर मी लहानपणापासून पाहत आले होते, पण घरात कधी आलेला नव्हता. मामांनी तो जेवणाच्या टेबलावर ठेवला, नळी वायरीला जोडली आणि बटण दाबलं. टक्. मग काही नाही. मग टक्, टक्.

मी नळी उचलायला हात पुढे केला. मामांनी माझ्या हातावर चापट मारली.

"आधी बॅकग्राउंड."

"मामा, वेळ नाहीये."

"दहा मिनिटं. सर असते तर मला खोलीबाहेर काढलं असतं. रिकाम्या खोलीचा आकडा घेतल्याशिवाय कुठलाच आकडा खरा नाही."

हे वाक्य मला पाठ होतं. बाबांच्या पिवळ्या पुस्तकात ते तिसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला आहे. अणू आणि अणुकेंद्रक यांची विद्यार्थ्यांसाठी ओळख, तीनशे बाहत्तर पानं. पिवळ्या मुखपृष्ठामुळे पोरं त्याला 'पिवळं' म्हणायची. मी छापखान्यात प्रुफं तपासते. सहा वर्षांपूर्वी त्या पुस्तकाची तिन्ही प्रुफं मीच वाचली होती. अर्धंअधिक कळलं नव्हतं. पण खोली कुणी नसतानाही वाजते, भिंतीतून, जमिनीतून, आभाळातून आणि आपल्याच हाडांतून थोडं थोडं येत असतं, हे मला तेव्हा फार आवडलं होतं.

पंचवीस. मिनिटाला सरासरी पंचवीस ठोके. मामांनी कागदावर लिहून ठेवलं आणि मगच नळी उचलली.

आम्ही घर विंचरून काढलं. कोटांचे खिसे, बुटांची पोकळी, औषधांचा डबा, पलंगाखालच्या पेट्या. ठोके वाढले नाहीत. बुटात माझ्या तीन चिठ्ठ्या सापडल्या. शिवणयंत्राच्या खणात त्यांचा चष्मा सापडला, जो आम्ही त्यांना दवाखान्यात नेताना शोधत होतो आणि जो न सापडल्यामुळे शेवटचे आठ दिवस त्यांनी आम्हाला नीट पाहिलं नाही.

आई पलंगाच्या काठावर बसून होती. मी चष्मा तिच्या हातात दिला.

"तिथे होता होय," ती म्हणाली. मग काउंटरकडे पाहून, "हे यंत्र अजून काय काय शोधतं?"

"आई, नको ना."

"विचारलं नुसतं. माझी पण बरीच यादी आहे."

शेवटी उरलं पुस्तकांचं कपाट. मामांनी नळी प्रत्येक खणावरून संथपणे फिरवली. वीस, सत्तावीस, चोवीस. खालच्या खणापाशी ते थांबले. तिथे हातभर जागा रिकामी होती आणि धुळीत पुस्तकांच्या तळांचे चौकोन उमटलेले होते.

"इथे काय होतं?"

"पिवळ्याच्या प्रती. लेखकाच्या म्हणून मिळालेल्या. बाबांच्या वर्गातली मुलं भेटायला आली होती, त्यांना दिल्या. बाराही."

मामा खाली बसले. नळी त्यांच्या मांडीवर होती आणि ती मध्येच टक् म्हणाली.

"एकाला रबर लावलेलं होतं?"

"हो. जाड, काळं. प्रत बरी दिसेना म्हणून मी काढून टाकलं."

"पोरी," मामा म्हणाले, "ते प्रयोगाचं पुस्तक होतं."

मग त्यांनी सांगितलं. कितीतरी वर्षांपूर्वी, बीटा कण अडवायच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या हरवल्या होत्या आणि नव्या येईनात. बाबा एखाद्या पुस्तकाची शेवटची काही पानं खळीने एकमेकांना चिकटवून त्यांचा ठोकळा करायचे, त्यात चकतीएवढं भोक पाडून चकती बसवायचे, तोंड पुस्तकाच्या आत, आणि वर एक पान झाकणासारखं डकवायचे. प्रयोग नसताना ते उघडू नये म्हणून वर जाड रबर लावलेलं असायचं. मग वर्गासमोर पुस्तक शेवटाकडून उलटं मिटत न्यायचे. एक पान, दहा पानं, पन्नास. प्रत्येक वेळी काउंटरचे ठोके उतरत जायचे, आणि पुस्तक पुरतं मिटलं की खोलीत पुन्हा बॅकग्राउंड. "तीनशे पानांत बीटा संपतो," ते म्हणायचे. "विद्यार्थी त्याच्या आधीच." पट्ट्या आल्यावर हा खेळ बंद पडला. गेल्या वर्षी, पट्ट्या कपाटात असताना, बाबांनी मामांना खळ मागितली होती. कशाला, ते मामांनी विचारलं नाही. विचारायचं नाही, अशी दोघांचीही सवय झालेली.

"पुस्तकात कुठली पानं होती शेवटी?" मामांनी विचारलं.

मला सांगता आलं. प्रकरणं संपतात तीनशे सहावर. पुढे उत्तरं, कोष्टकं, सूची.

"उत्तरांत बसवला असणार. हसले असतील. पूर्वीही म्हणायचे, उत्तरं बघणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे."

म्हणून काउंटर गप्प होता. आमच्याकडे नव्हतीच ती. आणि असती, तरी मिटलेल्या पुस्तकातून तिने काही कळू दिलं नसतं. जो कुणी ते वाचत होता, तो मात्र रोज थोडी थोडी पानं डावीकडे टाकत होता. चकती आणि तो, यांच्यामधली पानं रोज कमी होत होती.

आणि मग मला तो फोन आठवला.

आठ दिवसांपूर्वी एका मुलीने फोन केला होता. बाबा तिला 'प्रश्नपत्रिका' म्हणायचे, तास संपला तरी तिचे प्रश्न संपत नसत म्हणून. "ताई, सरांनी दिलेल्या पुस्तकात ना, म्हणजे तुम्ही दिलेल्या, उत्तरांची पानं सगळी चिकटलीयेत." मी त्या वेळी मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढण्याच्या रांगेत उभी होते. छापखान्यात चिकटलेले कागद आम्ही कसे सोडवतो ते मी तिला सांगितलं. सराईतपणे, जवळजवळ न ऐकता.

वाफ दाखव, म्हणाले होते. हळूहळू सुटतील.

*

तिचा फोन बंद होता. पाच वेळा लावला. बसमध्ये मामा काउंटर मांडीवर घेऊन बसले होते, तान्ह्या मुलासारखा, आणि मी आठवत होते की मी तिला नेमकं काय सांगितलं. दोन्ही हातांनी धर. बोटं पानाच्या मागे ठेव. घाई करू नकोस. घाई करू नकोस, असं मी दोनदा म्हणाले होते.

वसतिगृहाच्या दारात वॉर्डनबाई आडव्या आल्या. "पुरुषांना जिन्याच्या वर जाता येत नाही."

"अहो, मी साठी उलटलेला माणूस," मामा म्हणाले.

"साठी उलटलेलेच जास्त बघितलेत मी."

वाद घालण्यात चार मिनिटं गेली असती. मामांनी काउंटरचा पट्टा माझ्या गळ्यात घातला. "नळी काचेची आहे. आपटू नकोस. मी इथून फोनवर आहे. वर गेलीस की आधी—"

"माहीत आहे."

"नाही माहीत. ऐक. वाफेने चकतीचं सील उघडलं असेल, तर आतलं पोरीच्या हाताला लागलं असेल. हात धुऊ देऊ नको, तोंडाला लावू देऊ नको. पुस्तक मीट, खोलीबाहेर लांब ठेव. मग रिकाम्या खोलीचं बॅकग्राउंड, दहा मिनिटं. मग तिचे हात. बॅकग्राउंड घेतलं नाहीस, तर हातांचा आकडा आला तरी तो तुला काय सांगणार?"

तिसरा मजला. दार उघडंच होतं. इलेक्ट्रिक किटली खुर्चीवर ठेवलेली, आणि ती पोरगी जमिनीवर मांडी घालून, पुस्तक पालथं धरून, शेवटचा ठोकळा वाफेवर शेकत होती. दोन्ही अंगठे 'उत्तरे' या शब्दाच्या दोन बाजूंना. मी तो शब्द त्या पानावर तीन वेळा तपासला होता.

"ताई! तुम्ही? बघा ना, एकच कोपरा सुटतोय—"

"मीट ते."

"काय?"

"पुस्तक मीट. पहिल्या पानापर्यंत. मीट!"

माझा आवाज माझा नव्हता. तिने पुस्तक मिटलं. मी ते घेतलं, व्हरांड्याच्या टोकाला, कपडे वाळत घालायच्या तारेपलीकडे खिडकीच्या कठड्यावर ठेवलं आणि परत आले. ती तशीच बसली होती, हात समोर धरून, चोरी पकडल्यासारखी.

"हात धुऊ नकोस. कशालाही लावू नकोस. डोळेसुद्धा चोळू नकोस."

"ताई, मला भीती वाटतेय."

"मलाही," मी म्हणाले आणि काउंटरचं बटण दाबलं.

तिला तिच्या हातांसकट दारापलीकडे उभं केलं. दहा मिनिटं. मी आयुष्यात बऱ्याच गोष्टींची वाट पाहिली आहे. बाबांच्या शेवटच्या श्वासाचीही पाहिली. पण त्या वेळी काही करायचं उरलं नव्हतं. इथे दार होतं, मुलगी होती, तिचे हात होते, आणि मी भिंतींचे ठोके मोजत होते. नळी उचलून धावत तिच्यापाशी जावं, असं प्रत्येक मिनिटाला वाटत होतं. फोन कानाशी होता. खालून मामा नुसते श्वास घेत होते.

"ताई," ती दाराबाहेरून म्हणाली, "पुस्तकात काय आहे?"

मी सांगितलं. चकती, खळ, भोक. काही लपवलं नाही.

तिने हात तसेच समोर धरून ठेवले. मग म्हणाली, "म्हणजे आठव्या प्रकरणातला प्रयोग. सर म्हणाले होते, अणू म्हातारा होत नाही. हजार वर्षांचा असला तरी पुढच्या क्षणी फुटण्याची शक्यता तेवढीच. मी विचारलं, मग त्याला कळतं कसं, आता फुटायचं ते? सर म्हणाले, 'त्याला कळत नाही. कळतं ते माणसाला, आणि त्यालाही उशिरा.'"

मी आकडा लिहिला. सातवं मिनिट, सव्वीस.

बाबांबद्दल लिहिताना त्यांच्या स्मरणाला अर्धायुष्य होतं, असं लिहायचा मोह मला झालेला आहे. त्यांनी ते लाल शाईने खोडलं असतं. अणू झिजत नाही. एकतर असतो किंवा नसतो. बाबा झिजत गेले, आणि मी ते झाकत गेले. ही पदार्थविज्ञानाची गोष्ट नाही.

"किती दिवस वाफ देतेस?"

"चार. रोज दहा मिनिटं. मेस उघडायच्या आधी."

"आणि वाचून कितीपर्यंत झालंय?"

"दोनशे चौदा."

दहा मिनिटांचे ठोके दोनशे अठ्ठेचाळीस. मी फोनवर आकडा सांगितला.

"आता पोरीचे हात," मामा म्हणाले. "नळी बोटभर लांब. टेकवू नको. पूर्ण दहा मिनिटं, मध्येच सोडायचं नाही."

तिने हात गुडघ्यांवर पालथे ठेवले आणि मग उलटे केले. मी नळी धरून बसले. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख चावलेलं होतं. पहिल्या मिनिटाला तीस ठोके पडले.

"तीस," मी फोनवर म्हणाले.

"मोज."

"मामा, तीस आहेत."

"एका मिनिटाचं काय सांगतेस? सरांनी काय शिकवलंय? पंचवीस म्हणजे वीसही येतील, तीसही येतील. मोज. दहा झाल्याशिवाय मला बोलू नको."

बावीस. सत्तावीस. एकोणीस. तिने डोळे मिटून घेतले होते आणि तिचे ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना करते आहे, पण ती बेरीज करत होती. आठव्या मिनिटाला अठ्ठावीस. नवव्याला बावीस. दहावं मिनिट संपताना मी बटण सोडलं.

"दोनशे एक्कावन्न," ती माझ्याआधी म्हणाली. डोळे उघडून. "दोनशे अठ्ठेचाळीसचं वर्गमूळ जवळजवळ सोळा, म्हणजे एवढं मागेपुढे होतंच. फरक तीन. ताई, हा फरक नाहीये. हे बॅकग्राउंडच आहे ना?"

खालून मामांनी फोनमध्ये जे केलं ते हसणं नव्हतं. "धू म्हणावं आता हात," ते म्हणाले. "साबण लावून. आणि वॉर्डनबाईंना सांग, मी रडतोय तो वर जायला मिळालं नाही म्हणून नाही."

*

संध्याकाळी प्रयोगशाळेत विभागप्रमुखाने हातमोजे घालून चिमट्याने चकती काढली. सील शाबूत होतं. तिसरी खाच भरली. मग तिने रजिस्टर उघडलं आणि पेन तसंच धरून ठेवलं.

"चाळीस मिनिटं, मध्ये एकच पान," ती म्हणाली. "मी हिशेब केला. बहुतेक काही दिसणार नाही. पण 'बहुतेक' म्हणतेय मी. तीन आठवडे तिची बोटं बघायची. डॉक्टरांना कळवते." मग रजिस्टरकडे पाहून, "इथे काय लिहू? चकती बाहेर कशी गेली?"

"माझी चूक, मॅडम," मामा म्हणाले. "पेटी मी मोजून घेतली नाही. लिहा."

"नाही," मी म्हणाले. "बाबा विसरायला लागले होते. सव्वा वर्ष. मला माहीत होतं. मी त्यांच्या खिशात चिठ्ठ्या घालून त्यांना वर्गात पाठवत होते. सकाळी तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

तिने पेन खाली ठेवलं.

"ते मला हल्ली रोल नंबरने हाक मारायचे," ती म्हणाली. "अठ्ठेचाळीस. माझा विसाव्या वर्षीचा रोल नंबर. मला वाटायचं, सर चेष्टा करतात. मला छान वाटायचं."

तिने रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. मी माझ्या अक्षरात लिहिलं. चिठ्ठ्यांवर होतं त्याच.

*

पुढचे तीन आठवडे मी रोज कामावरून सुटल्यावर वसतिगृहात जात होते. वॉर्डनबाई आता वहीत सही न घेता सोडायच्या. ती पोरगी खिडकीशी येऊन हात उजेडात धरायची, आधी तळवे, मग बोटं एकेक करून. मी चष्मा लावून बघायचे. छापखान्यात अनुस्वार शोधतात तसं. चौथ्या दिवशी मला अंगठ्यापाशी लाली दिसली आणि मी ती ओल्या रुमालाने पुसून पाहिली. ती लाल शाई निघाली. नवव्या दिवशी रात्रभर झोप नाही, कारण दिवसा ढग होते आणि मला नीट दिसलं नव्हतं. घरी आई काही विचारायची नाही. बाबांचा चष्मा तिने उशाशी ठेवला होता आणि मधूनमधून तो पुसत असायची.

रिकामं जायचं नाही म्हणून मी तिला उत्तरं नेऊन द्यायचे. पुस्तकाची ती प्रत आता पेटीशेजारी कुलपात होती. माझ्याकडे शेवटच्या प्रुफाचे ताव होते, त्यातली उत्तरांची पानं मी रोज दोन-दोन नेत होते. ती आधीच सोडवून बसलेली असायची. मी आकडा वाचायचा, तिने मान हलवायची.

एकविसाव्या दिवशी मी तिचा अंगठा खिडकीत धरला. कातडी स्वच्छ होती. एका बाजूला कागदाने कापल्याची बारीक चीर, तीही भरत आलेली. मी तो अंगठा बराच वेळ सोडला नाही. तिने सोडवून घेतला नाही.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"मग आता अकराव्या प्रकरणातलं सातवं सांगा."

मी ताव उघडला. "एकशे पाच."

तिने मान हलवली नाही. वही पुढे केली. "ताई, हे चुकलंय."

उदाहरण मला पाठ होतं. त्यातल्या प्रत्येक स्वल्पविरामासकट. काउंटरवर एका नमुन्याचे मिनिटाला आठशे चाळीस ठोके पडतात. नमुना नसताना त्याच खोलीत चाळीस पडतात. तीन अर्धायुष्यांनंतर काउंटर किती ठोके दाखवेल?

"आठशे चाळीसला आठने भागलंय, म्हणून एकशे पाच," ती म्हणाली. "पण आधी चाळीस वजा करायला हवेत. आठशे उरतात. त्याचे शंभर होतात. मग चाळीस परत मिळवायचे. एकशे चाळीस. बॅकग्राउंडला अर्धायुष्य नसतं ना, ताई. ते तसंच राहणार." मग माझा चेहरा पाहून घाईघाईने, "छपाईची चूक असेल."

"असेल," मी म्हणाले.

घरी येऊन मी माळ्यावरून हस्तलिखिताचा गठ्ठा काढला. सहा वर्षांपूर्वीचं. निळी शाई, सरळ ओळी, डाव्या बाजूला दोन बोटं समास. तेव्हा मी चिठ्ठ्या लिहीत नव्हते. तेव्हा आम्ही सगळे त्यांनाच विचारत होतो, कुठली वस्तू कुठे आहे.

अकरावं प्रकरण, सातवं उत्तर. १०५. त्यांच्या अक्षरात, कुठेही खाडाखोड न करता.

समासात माझी पेन्सिलची बरोबरची खूण होती. तीन प्रुफं, तीन खुणा. मी दर वेळी छापलेला १०५ त्यांच्या १०५ शी ताडून पाहिला होता, आणि तो जुळत होता.